चौदा खिंडी आणि एक गॅलरी

मी सायकल बोलतेय. गॅलरीतली. पहिल्या मजल्यावर, काचेच्या आत, व्यायामाच्या स्टँडवर चढवलेली. मागचं चाक दोन्ही बाजूंनी आवळलेलं, त्याच्या टायरखाली एक लोखंडी रूळ, पुढचं चाक प्लास्टिकच्या ठोकळ्यावर. पेडल मारलं की मागचं चाक घरघर फिरतं आणि मी जिथल्या तिथे. घरातली माणसं याला सायकल चालवणं म्हणतात. मी म्हणत नाही.

रडगाणं ऐकायला आला असाल तर आल्या पावली परत जा. चौदा खिंडी पार केल्यात मी. शाळा पाहिली नाही, पण अक्षरं येतात मला. रस्त्याकडेच्या पाट्यांवरून शिकले. ‘वळण धोक्याचे’ हा माझा पहिला धडा. ‘पुढे रस्ता नाही’ हा दुसरा, आणि ते साफ खोटं असतं हे मला महिन्याभरात कळलं. रस्ता नसतो, वाट असते. वाट नसली तर माणसाला खांदा असतो.

माझा जन्म एका मिस्तरीच्या पत्र्याच्या खोपटात झाला. हाताने नळ्या जोडणारा माणूस. जोडताना शिव्या द्यायचा, पण जोड असा बसवायचा की बोट फिरवलं तरी लागू नये. मला बनवून घेतलं एका दातांच्या डॉक्टराने. ‘डोंगरात न्यायचीय, दणकट करा,’ असं छाती फुगवून सांगून गेला. मिस्तरीने दणकट केली. डॉक्टर मला घेऊन गेला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, तिथून धापा टाकत परत आला, आणि मला उचलून दवाखान्यातल्या भिंतीवर टांगलं. शोभेला! सात वर्षं मी भिंतीला लटकत होते. खाली खुर्च्यांवर सुजलेल्या गालांची माणसं बसायची आणि माझ्याकडे बघत कण्हायची. कोंडलेपण मला नवीन नाही, एवढंच सांगायचं होतं.

मग एक दिवस बाई आली.

बाई म्हणजे ताडपत्र्या शिवणारी. गोदामाबाहेरच्या एका शेडमध्ये तिचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक जाडजूड मशीन, जमिनीवर पसरलेलं कापड, मेण लावलेल्या दोऱ्यांची रिळं, आणि ती. ट्रकांची झाकणं, बाजारातल्या गाळ्यांची छपरं, मोटारींचे झगे, सगळं शिवायची. हे काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवरा लवकर गेला, पदरात पोर होती. तिने दुसऱ्याने शिवलेली एक जुनी ताडपत्री आणली, टाका टाका उसवून पाहिली, आणि पुन्हा तशीच शिवली. मग म्हणाली, ‘एवढंच होय!’ तळहातावर चामड्याचा तुकडा बांधून दाभण ढकलायची. तो हात मी ओळखते. दगडासारखा होता.

तर बाई आली दाढ काढायला. गाल हा एवढा सुजलेला. अर्धा तास खाली बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. आत गेली, दाढ काढून आली, तोंडात कापूस, तरी डॉक्टराला विचारते, ‘ही कोण चालवतं?’

‘कोणी नाही. शोभेची आहे.’

‘शोभेची?’ तिने थुंकी आवरून माझ्या टायरवर बोट फिरवलं. ‘एवढी धडधाकट बाई भिंतीला टांगून ठेवलीत. लाज नाही वाटत?’

डॉक्टर हसला. बाई हसली नाही. चार दिवसांनी तिने त्याच्या मोटारीला पावसापासून झाकायचा झगा शिवून आणला, अंगाबरोबर बसणारा, आरशांना वेगळ्या टोप्या, आणि बदल्यात मला भिंतीवरून उतरवून घेऊन गेली. चालवत नव्हे. ढकलत. तिला चालवता येतच नव्हती!

एक्केचाळीस वर्षांची बाई शेडच्या अंगणात सायकल शिकत होती. दोन्हीकडे ट्रक उभे, मध्ये ती आणि मी. बारा वर्षांची लेक पायरीवर बसून खिदळायची. ‘आई, तू पडणार बघ. आता पडणार. पडली!’ बाई उठायची, गुडघ्यावरची माती झटकायची आणि म्हणायची, ‘मोजत बस. किती वेळा पडले ते नंतर सांग.’ तिसऱ्या दिवशी लेक मोजायची थांबली, कारण मोजायला काही उरलं नाही.

त्यानंतर आम्ही डोंगर धरला.

का धरला, ते मला विचारू नका. ती ताडपत्री पोचवायला एकदा डोंगरापलीकडच्या बाजारात ट्रकने गेली होती, झाकणाखाली मालाबरोबर बसून. जाताना काही दिसलं नाही. येताना तिने झाकणाची कड उचलून बघितलं. तेवढ्यावर तिचं डोकं फिरलं. उरलेल्या ताडपत्रीच्या तुकड्यांच्या तिने मला दोन्हीकडे पिशव्या शिवल्या. दांडीला एक जाड गादी शिवली, रस्ता संपला की मला खांद्यावर घ्यायला. आणि वर्षातून एकदा, काम मंदावलं की, ‘माल पोचवायला जाते,’ असं सांगून आम्ही निघायचो. लेक शेजारणीकडे.

बाईचा एक नियम होता आणि त्यात सूट नव्हती. खिंड पार केली म्हणजे एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं. वर जाऊन, बघून, आल्या वाटेने परत आलं तर ती धरायची नाही. कुणी मोटारीतून उतरलेलं माणूस माथ्यावर भेटलं आणि म्हणालं, ‘वा, बाई, पोचलात की!’, तर ती तुसडेपणाने म्हणायची, ‘अजून अर्धी बाकी आहे.’

पहिल्या खिंडीत आम्हाला ढगाने गिळलं. पुढचं चाक मला दिसेना. बाई खाली उतरली आणि हाताने रस्त्याची कड चाचपत चालली, एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने नुसता पांढरा खड्डा. अचानक ढग फाटला आणि खाली एक तळं दिसलं, हिरवं, इतकं खोल की बाई मटकन खालीच बसली. तिसऱ्या खिंडीची वाट मेंढ्यांनी पाडलेली होती, खुरांएवढीच रुंद. तिथे तिने मला पुढे घातलं आणि स्वतः मागून आली. माझं चाक घसरलं तर तिला मला सोडता यावं म्हणून. मी घसरले नाही. पाचवीत उतारावर ब्रेकचं रबर जळून वास सुटला, तर तिने चपलेचा तळ कापून बसवला. सहा कोस उतरलो त्यावर.

माथ्यावर पोचलो की ती मला दगडाला टेकवायची, पिशवीतून उकडलेले बटाटे काढायची आणि मिठाला लावून खायची. त्या वेळी बोलायची माझ्याशी. खाली घरी कधी बोलत नसे. खाली ती सगळ्यांशी भांडायची, वर मात्र गप्पा मारायची. ‘बघ,’ म्हणायची, ‘सगळं केवढं मोठं आहे आणि कुणालाच आपल्याशी काही घेणंदेणं नाही. किती बरं वाटतं!’

सातव्या वर्षी एक खिंड राहिली. राहिली म्हणजे अर्धवट राहिली. चौदा झाल्या त्यात ती नाही. तेवढी आता नीट सांगायलाच हवी.

सगळ्यांत उंच होती ती. वर्षातून अडीच महिने उघडी, बाकी बर्फ. रस्ता दोन तृतीयांश उंचीवर संपला, पुढे दगडांची वाट. बाईने मला खांद्यावर घेतलं. शेवटच्या वळणाआधी रस्त्याच्या कामावरच्या माणसांची एक पत्र्याची खोली होती, तिथे फोन होता. निघताना तिने शेजारणीला तो नंबर देऊन ठेवला होता. आम्ही त्या खोलीवरून पुढे गेलो. माथा समोर होता. वाऱ्याचा आवाज बदलला होता. पलीकडची बाजू जवळ आली की तो बदलतो, मला कळतं. तेवढ्यात मागून एक माणूस ओरडत आला, ‘ताडपत्रीवाली बाई कोण?’

लेक तेव्हा एकोणीस वर्षांची. पोटात कळ येऊन कोसळली होती. इस्पितळात नेलं होतं, अपेंडिक्स कापणार होते.

बाईने फोन ठेवला. एकदा वर बघितलं. शेवटचं वळण होतं हो! मग तिने मला वळवलं. त्या उतारावर ती जशी उतरली तशी मी आयुष्यात कधी उतरले नाही. माझी एक पिशवी फाटून गेली, तिने मागे वळून बघितलं नाही. संध्याकाळी इस्पितळात पोचली तेव्हा पोर शुद्धीवर येत होती. डोळे उघडून तिने विचारलं, ‘आई, तू कुठे होतीस?’ आणि बाई, जी कुणाच्या बापाला भ्यायची नाही ती बाई, म्हणाली, ‘शेडमध्ये. सकाळीच परतले, काम होतं. लगेच आले.’

मी खाली सायकलींच्या रांगेत चिखलाने माखलेली उभी होते. हे संभाषण बाईने मला नंतर, एका दुसऱ्या खिंडीत, बटाटे खाताना सांगितलं. एवढंच म्हणाली, ‘खोटं बोलले मी.’ आणि विषय बदलला.

दुसऱ्या वर्षी त्या खिंडीत दरड कोसळली आणि वाट बंद झाली. आम्ही दुसऱ्या खिंडी काढल्या. सहा, सात, आठ. लेकीने औषधं बनवण्याचं शिक्षण घेतलं, औषधांच्या दुकानात लागली, लग्न झालं. आईचं डोंगराचं वेड तिला कळून चुकलं होतं आणि तिने ते माफ केलं नव्हतं. ‘माझ्या प्रत्येक सुट्टीत तू कुठेतरी लटकलेली असायचीस,’ असं एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणाली होती. बाईने उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं, असं माझं मत.

सतरा वर्षांनी ती उंच खिंड पुन्हा मोकळी केल्याची बातमी आली. बाई तेव्हा सहासष्ट वर्षांची. सराव म्हणून आम्ही आधी चौदावी काढली. पार केली. आणि तिच्या पलीकडच्या उतारावर, सपाटी लागायच्या जरासं आधी, बारीक खडीवरून माझं पुढचं चाक सटकलं.

माझं चाक. मी ते कुणावर ढकलणार नाही.

बाई चार तास चरात पडून होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी तिच्या पायावर आडवी. एका लाकडं नेणाऱ्या गाडीने बघितलं म्हणून.

त्यानंतर ही गॅलरी. लेकीने शेड बंद करून आईला स्वतःच्या घरी आणलं. शेडमधल्या उरलेल्या ताडपत्र्यांच्या घड्या माझ्या बाजूला रचल्या. आणि जावयाने हौसेने हा स्टँड आणला. जावई लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत पत्रव्यवहार बघतो. स्वभावाने लोण्याचा गोळा, पण हातात पाना आला की स्वतःला मिस्तरी समजतो. ‘आई, आता पाऊस नाही, खड्डे नाहीत, कुत्री नाहीत. मजेत चालवा.’

बाईने स्टँडकडे बघितलं आणि म्हणाली, ‘जावईबापू, तुम्हाला कुणी मांडवात घोड्यावर बसवून घोडा खांबाला बांधला असता तर?’

पण चालवायची. डॉक्टरने पायाला ताकद यायला हवी म्हणून सांगितलं होतं. रोज सकाळी अर्धा तास. समोर सरकती काच, काचेबाहेर हाताशी लोखंडी गज, गजांपलीकडे गल्ली, गल्लीत एक शिंप्याचं दुकान आणि एक कपडे वाळत घातलेली दोरी. वर्षभर मी हे एकच दृश्य चढले. उतार कधी आलाच नाही.

आणि बाई गल्लीच्या टोकाकडे बघायची. लेकीला तिची नजर ओळखू येते. तिने नवऱ्याला सांगितलं, ‘हिचं एक पेडल काढून टाक. मी सकाळी बसवून देत जाईन, बाकी वेळ माझ्या पर्समध्ये ठेवीन. नाहीतर आई एक दिवस निघून जाईल.’

बाई खुबा दाखवायला डॉक्टरकडे गेली होती त्या दुपारी जावई पाना घेऊन आला.

आता लक्ष देऊन ऐका. सायकलचं उजवं पेडल जगातल्या इतर स्क्रूंसारखं सुटतं. डावं मात्र उलटं फिरतं. मुद्दाम तसे आटे पाडलेले असतात, म्हणजे पाय मारता मारता ते आपोआप ढिलं होऊ नये. सायकलीच्या कुठल्याही दुकानात हे माहीत असतं. पत्रव्यवहार बघणाऱ्या माणसाला माहीत नसतं. त्याने डावं पेडल धरलं आणि सोडवायला म्हणून आवळलं. हलेना. आणखी आवळलं. मग आतून पाण्याचा पाइप आणला, पान्याच्या दांड्यात घातला आणि त्यावर अंगाचा भार टाकून लोंबकळला. मी ओरडत होते, पण माझं ओरडणं म्हणजे त्याला नुसतं करकरणं. कट्‌ असा आवाज आला. पेडल बाहेर आलं, आणि त्याच्याबरोबर, पेडल ज्यात बसतं त्या माझ्या दांड्यातले सगळे आटे, चमचमत्या तुसासारखे, फरशीवर पडले.

जावई खाली बसला. घाम पुसला. मग आतून दोन ट्यूब कालवून लावतात तो गोंद आणला, भोक भरलं, पेडल आत खुपसलं, आणि कापडाने पुसून सरळ केलं. बायकोला सांगितलं, ‘निघत नाही गं, गंजलंय.’

खोटं बोलला. हे घरच तसलं.

मग लेकीने साखळी आणली. जाड, कुलपाची. माझ्या चाकातून ओवून खिडकीच्या गजाला बांधली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

स्टँडवर बसून हलकं पेडल मारायला गोंद पुरत होता. रुळावर जोर लागत नाही. पण मला आतून कळत होतं, चढावर बाईने उभं राहून सगळा भार टाकला की हे पेडल निघणार. आणि ते निघेल ते चढावर. तिथे एका बाजूला डोंगर असतो आणि दुसऱ्या बाजूला काही नसतं.

हे मी कुणाला सांगणार? तोंड नाही मला. एक घंटी होती, तीही गंजलेली.

बाईने मात्र बेत केलाच. दोन आठवड्यांत बर्फ पडणार होता, खिंड बंद होणार होती. पुढच्या वर्षी ती अडुसष्टची. ‘या मोसमात नाही तर नाहीच,’ असं ती पेडल मारता मारता मला सांगायची, हलक्या आवाजात. आता ती खालीही माझ्याशी बोलायला लागली होती. कुलूप तिने तोडलं नाही. ज्या गजाला साखळी बांधली होती तो गज चार स्क्रूंवर होता. रोज सकाळी व्यायामाच्या घरघराटात ती एक स्क्रू काढायची आणि भोकात दोऱ्याचं काळं मेण भरून वरून स्क्रूसारखी गोल टिकली वळायची. चौथ्या दिवशी गज नुसता मेणावर उभा होता. गुरुवारी दोघं कामावर गेली की गज उचलायचा, साखळी सरकवायची, आणि साडेनवाच्या बसच्या टपावर मला टाकून खिंडीच्या पायथ्याशी. तिने पिशव्या शिवून ठेवल्या होत्या, घड्यांच्या खाली लपवून. नव्या पिशव्या!

तुम्हाला खरं सांगते. वर्षभर मी एवढंच मागत होते. वाऱ्याचा तो बदललेला आवाज एकदा कानावर पडू दे, मग मला भंगारात घाला. आणि आता ते उद्यावर आलं होतं, आणि माझ्या डाव्या पायात गोंद होता.

गप्प बसले असते तर मी सुटले असते. पायथ्यापर्यंत गेले असते, कदाचित अर्ध्या चढापर्यंत. स्वार्थ मलाही आहे. मी काही साध्वी नाही. बुधवारी सकाळी बाई चढून बसली तोपर्यंत माझं ठरत नव्हतं. मग तिने माझ्या हँडलवर थाप मारली आणि म्हणाली, ‘उद्या उभं राहून मारायचंय हं, तयार राहा.’

आत दोघं चहा पीत होती. पडली तर उचलायला माणसं होती. बाजूला ताडपत्र्यांचा ढीग होता. बाईचा डावा पाय अगदी खाली आला, आणि मी पेडल सोडून दिलं.

बाई डावीकडे कलली. हात गजाकडे गेला. कुठला गज धरावा तिने? तोच! मेणावरचा! गज हातात घेऊन बाई ताडपत्र्यांच्या ढिगावर आडवी झाली, आणि कपडे धुवायची बादली गडगडत दारापर्यंत गेली.

दोघं धावत आली.

‘आई! लागलं का? खुबा? हल बरं जरा. पाय हलव.’

‘हलतोय. ओरडू नकोस.’

लेकीने श्वास टाकला, आणि मग तिला दिसलं. ‘हा गज तुझ्या हातात कसा?’

‘आला हातात.’

‘स्क्रू कुठेत?’

‘चष्म्याच्या डबीत.’

‘आई!’

पण बाईचं लक्ष तिकडे नव्हतंच. तिने फरशीवरचं पेडल उचललं होतं, डोळ्यांजवळ नेलं होतं. आट्यांत धातूचा चुरा आणि पिवळट गोंद भरलेला. तिने अंगठ्याच्या नखाने गोंद खरवडला. ‘जावईबापू, इकडे या जरा.’

जावई आलाच होता. तो आणखी आला नाही.

‘हे काय आहे?’

‘ते... जरा सैल होतं, म्हणून मी...’

‘सैल होतं की सैल केलंत?’

‘आई, डावं पेडल उलटं फिरतं हे कुणाला ठाऊक असतं!’

‘ज्याला ठाऊक नसतं त्याने पान्याला हात लावू नये. आणि लावला, मोडलं, तर तोंड उघडावं. गोंदाने बुजवता काय? शाळेतली वही आहे का ही?’

‘तू मला गंजलंय म्हणालास,’ लेक त्याला म्हणाली. मग आईकडे वळली. ‘आणि तू? तू यावर बसून कुठे निघाली होतीस?’ तिचा आवाज चिरकला. ‘हे रस्त्यात निघालं असतं तर? मागच्या वेळी चार तास पडून होतीस तू. चार तास! मला इस्पितळातून फोन आला तेव्हा मी दुकानात एका म्हाताऱ्याच्या गोळ्या मोजत होते. त्या गोळ्या माझ्या हातातून...’ ती खालीच बसली, ढिगावर, आईशेजारी. ‘चौदा झाल्या ना, आई? आणखी एक कशाला? चौदांनी पोट भरत नाही तुझं?’

जावई बादली उचलून आत गेला. तेवढं शहाणपण त्याला होतं.

बाईने गज बाजूला ठेवला. मग म्हणाली, ‘तुझं पोट कापलं त्या दिवशी मी शेडमध्ये नव्हते.’

‘काय?’

‘आता निघाले होते त्याच खिंडीत होते. माल पोचवायला जाते म्हणून तुला सांगितलं होतं. वरपर्यंत गेले होते. शेवटचं वळण राहिलं होतं तेव्हा तुझ्याबद्दल फोन आला.’

लेक वळून आईकडे बघू लागली.

‘तू विचारलंस कुठे होतीस, तर मला लाज वाटली. पोर टेबलावर आणि आई डोंगरावर. म्हणून शेडमध्ये म्हणाले. एकदा शेडमध्ये म्हटल्यावर मग तेच.’

‘शेवटचं वळण राहिलं होतं?’

‘हो.’

‘आणि तू परत फिरलीस?’

‘मग काय करणार होते?’ बाई खवळली. ‘वर बसून बटाटे खाणार होते?’

लेक हसली. हसता हसता तिचं नाक वाहायला लागलं, आणि तिने ते ताडपत्रीच्या घडीला पुसलं. ‘एवढी वर्षं मला वाटायचं की तू कुठल्याच डोंगरावरून माझ्यासाठी उतरली नसतीस.’

‘वेडी आहेस.’

‘मग सांगायचंस ना!’

‘आता सांगितलं ना!’

दोघी भांडल्यासारख्या बोलत होत्या, पण सरकून जवळ बसल्या होत्या. मी एका पायाची, वर, स्टँडवर. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. नंतर वाटलं.

‘डॉक्टर काय म्हणाला चालण्याबद्दल?’ लेकीने विचारलं.

‘चाला म्हणाला. भरपूर चाला.’

‘किती उंचीवर ते सांगितलं नसेल.’

‘मी विचारलं नाही.’

‘मग शनिवारी जाऊ. पायी. मी येते.’

‘तू? तुला जिना चढताना धाप लागते.’

‘तर तू थांब माझ्यासाठी. माझ्यासाठी परत फिरलीस, मग थांबताही येईल!’

शनिवारी गेल्या. जावयाने बसपर्यंत त्यांची सामानाची पिशवी नेली आणि येऊन माझ्यासमोर उभा राहिला. साखळी काढली. मेण खरवडून स्क्रू बसवले, या वेळी योग्य दिशेने. मला म्हणाला, ‘सॉरी हं.’ माणूस वाईट नाही. पण माझा दांडा जुन्या मापाचा आहे, तसला आता कुणी बनवत नाही, आणि मला जोडणारा मिस्तरी कधीच गेला. जावई दर रविवारी जुन्या बाजारात शोधतो. मिळत नाही.

चौथ्या दिवशी दोघी आल्या. नाकं सोललेली, ओठ फुटलेले. लेक लंगडत होती, आई नव्हती. बाईने पिशवी टाकली आणि सरळ गॅलरीत आली, माझ्या सीटवर हात ठेवून. मला पलीकडची बाजू सांगितली. म्हणाली, वळण घेतलं की वारा तोंडावर येतो तो थंड नसतो, कोरडा असतो, वेगळ्या मातीचा वास असलेला. खाली हिरवं काही नाही. लाल, तपकिरी, घडी घातलेल्या कापडासारखे डोंगर, आणि मधून एक नदी इतकी बारीक की दोरा पडलाय असं वाटावं. लेकीने ते बघून आईचा हात धरला आणि अर्धा तास सोडला नाही. मग दोघी उतरल्या, त्या बाजूने, बसून, घसरत, भांडत. आई म्हणाली, डावीकडून. लेक म्हणाली, उजवीकडून. लेकीचं बरोबर निघालं.

ती बाजू मी पाहिलेली नाही. कधी पाहीन असं वाटत नाही. बाईचं सांगणं चांगलं आहे, पण सांगणं म्हणजे चाकाखालचे दगड नव्हेत. माझं पेडल मी स्वतः सोडलं आहे, त्यामुळे ओरडायची सोयही उरली नाही. घरात अजून सगळे जावयालाच बोलतात. बोलू देत. त्याने ते कमावलंय.

आता दोघी दर महिन्याला कुठे ना कुठे जातात, पायी. माझ्या हँडलवर लेकीची ओली ओढणी असते. स्टँड तसाच आहे, चाक तसंच आवळलेलं. साखळी नाही, कुलूप नाही, आणि मी आहे तिथेच. जुन्या कोंडणाऱ्यांवर निदान रागावता यायचं.

तुमच्याकडे असेल एखादी माझ्यासारखी, जिन्याखाली, माळ्यावर, कपडे वाळत घालायला. तिला उतरवा. हवा भरा. चालवता येत नसेल तर ढकलत न्या, पण बाहेर न्या. आणि तुमच्या घरातली कुणी म्हातारी गल्लीच्या टोकाकडे बघत असेल तर तिला काय बघतेस म्हणून विचारा. कुलूप आणायच्या आधी विचारा.

झालं माझं सांगून. तुमचे दोन्ही पाय शाबूत आहेत ना? मग इथे काय करताय? निघा.